मी काढलेलं ‘बॅक’

मंडळी, आज स्वतःची लाज वाटली म्हणून लिहितोय.

मी डोंबिवलीत स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतो. ‘रिपीट अगेन’, ‘रिटर्न बॅक’ असं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळं इंग्रजीतच चालतं. परवा खालच्या मजल्यावरच्या सुनीताताईंनी लिहिलेलं, "प्लीज रिटर्न बॅक माय लॅडर." मी लगेच खाली टाकलं, "ताई, रिटर्न पुरे. बॅक घरीच ठेवा." बरेच जण हसले. मीही खूश.

आज दुपारी खाली उतरलो तर गेटवर रिक्षा थांबलेली. सुनीताताई मिस्टरांना धरून उतरवत होत्या. सकाळी त्यांची शुगर एकदम कमी झाली आणि ते बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. डोक्याला टाके पडलेत.

मी म्हटलं, "अहो ताई, ग्रुपवर टाकायचं ना. मी घरीच होतो, गाडीपण खालीच होती."

"लिहायला घेतलेलं," त्या म्हणाल्या. "पण चुकलं तर परत सगळ्यांसमोर हसं होईल, म्हणून पुसत बसले. शेवटी फोन ठेवला आणि रिक्षा बघायला धावले."

बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

सगळ्यांसमोर हसवलं, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी. आता ग्रुपवर लिहायला बसलोय. "आय ॲम रिअली व्हेरी व्हेरी सॉरी." यातलं एक ‘व्हेरी’ जास्तीचं आहे, कळतंय मला.

तुम्ही असतात तर काढलं असतं का?