पेन्सिलीची फुली

मोबाईलवर टायमर लावून पुस्तकं वाचायची सवय मी हल्ली लावून घेतली आहे. मिनिटाला किती शब्द झाले ते वहीत टिपतो, आणि आकडा वाढला की स्वतःवरच खूश होतो. परवा अशीच एका बैठकीत संपवलेली कादंबरी वाचनालयात परत द्यायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"बरं झालं आणलीत! डबा खाताना रोज दोन पानं वाचत होते, तेवढ्यात तुम्ही नेलीत. त्या आत्याबाई शेवटी मुलीकडे राहायला गेल्या का हो?"

कुठल्या आत्याबाई? मला काहीच आठवेना. आठवत होता तो फक्त आकडा. कुणाच्या तरी भरल्या घरातून मी धावत आरपार निघून आलो होतो, आणि आत माणसं होती हे आता कळत होतं.

"सांगितलं तर मजा जाईल तुमची," मी म्हणालो.

"खरंच, नकाच सांगू," म्हणत त्या मनापासून हसल्या. माझे कान तापले.

त्यांनी पानं उलटत आपली जागा शोधली. पानाच्या कडेला पेन्सिलीची ठसठशीत फुली होती. अख्खं पुस्तक वाचूनही ती फुली मी आज पहिल्यांदा पाहत होतो.