फ्रिजमधली पुरचुंडी

सुनेत्रा आरवाडे सिडनीत, पॅरामॅटाच्या बाजूला बस चालवते. सतरा वर्षांपूर्वी सांगलीहून आली होती ती अकाउंटिंग शिकायला. शिकलीही. पण दिवसभर ऑफिसात कोंडून बसायचं म्हणजे तिचा जीव गुदमरायचा, म्हणून एक दिवस तिने सरळ हेवी व्हेइकलचं लायसन्स काढलं. बाईला एवढी मोठी गाडी झेपायची नाही, असं तिला ज्यांनी सांगितलं, त्यांतले दोघे आता तिच्याच बसने कामाला जातात. अमुक गोष्ट होणार नाही म्हटलं की ही बाई पेटून उठते. हा तिचा गुणही आहे आणि खोडही.

सतरा वर्षांत तिने नऊ घरं बदलली, सगळी भाड्याची. भिंतीत खिळा ठोकायचा तरी एजंटला ईमेल. त्यामुळे वेंटवर्थव्हिलच्या कम्युनिटी गार्डनमध्ये, वस्तीच्या सामायिक बागेत, तिला अडीच मीटर बाय दीड मीटरचा प्लॉट मिळाला आणि त्यावर तिच्या नावाची पाटी लागली, तेव्हा तिला काय वाटलं असेल ते भाड्याच्या घरात राहिलेल्यालाच कळेल. जमिनीच्या एवढ्याशा तुकड्यासाठी ती अख्खी संध्याकाळ हसत होती.

गार्डनचा कारभार ब्रायन बघतो. सत्तरीचा गडी, टोमॅटोवेडा. बियांच्या अदलाबदलीच्या टेबलावर एक पाकीट कित्येक महिने तसंच पडून होतं. जांभळं कोनफ्लॉवर, उत्तर अमेरिकेच्या माळरानावरचं रानफूल. सुनेत्राने ते उचललं, तसा ब्रायन म्हणाला, "डोंट बॉदर, लव्ह. त्याला कडक हिवाळा लागतो. सिडनीत नाही व्हायचं ते. टोमॅटो लाव."

झालं! आता जगातली कुठलीही ताकद तिला टोमॅटो लावायला भाग पाडू शकणार नव्हती.

पहिल्या वर्षी तिने मटकीला मोड आणतात तसं केलं. बी रात्रभर भिजवलं, फडक्यात बांधलं, उबेला ठेवलं. चौथ्या दिवशी नाकाला पदर लावायची वेळ आली. दुसऱ्या वर्षी तिने नवं बी आणून ते चांगलं वीतभर खोल पुरलं, जणू परत वर येऊ नये अशीच इच्छा होती. प्लॉटमध्ये आलं ते फक्त गवत. मग ब्रायनने कमिटीचा निरोप सांगितला. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पाहणी. तोवर तिथे काही धड उगवलेलं दिसलं नाही, तर प्लॉट वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या माणसाला.

"टोमॅटो लाव, मेट. एका दुपारचं काम."

"नो वरीज," सुनेत्रा म्हणाली आणि टोमॅटो लावले नाहीत.

मात्र या वेळी तिने नीट वाचून काढलं. या बीला आधी खोटा हिवाळा दाखवावा लागतो. ओलसर करून आठ आठवडे फ्रिजमध्ये, त्यानंतरच ऊब. जूनच्या सुरुवातीला तिने शेवटच्या पाकिटातलं बी ओल्या फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सारली. दर रविवारी पाण्याचा हबका मारायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं तिला सगळ्यात जड गेलं.

जुलैत तिची आई सांगलीहून आली आणि आठवड्याभरात स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. महिनाअखेरीला सुनेत्रा ट्रेनिंगसाठी पाच दिवस न्यूकॅसलला जाऊन आली. आल्या आल्या फ्रिज उघडला, तर कोपरा रिकामा.

"आई, इथली पुरचुंडी?"

"ती मटकी? अगं वेडे, फ्रिजात कधी मोड येतात का? तू गेलीस त्याच दिवशी काढून ओव्हनमध्ये ठेवली, नुसता आतला दिवा लावून. रोज पाणी शिंपडतेय. पण इथली मटकी कसली गं मरतुकडी!"

"मटकी नव्हती ती! माझा प्लॉट गेला, आई!" सुनेत्रा तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली. आई घाबरली. काय गेलं, कुठे गेलं, तिला काही कळेना. तिने ओव्हन उघडला, पुरचुंडी आणून लेकीच्या मांडीत सोडली आणि म्हणाली, "रडतेस काय? आधी बघ तरी."

बहुतेक प्रत्येक बीला पांढरंशुभ्र मूळ फुटलं होतं.

आठ आठवड्यांना जेमतेम पाच-सहा दिवस कमी असताना, ऊब द्यायच्या ऐन वेळी, आईने पुरचुंडी हलवली होती. गारठा लेकीच्या हट्टाचा, ऊब आईच्या चुकीची. सुनेत्रा रडता रडता हसायला लागली. भुवया कोरायचा चिमटा घेऊन मायलेकींनी एकेक अंकुर दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावला. त्रेपन्न भरले. ऑक्टोबरमध्ये त्यांतली सगळ्यात दणकट चोवीस रोपं प्लॉटवर गेली.

जानेवारीत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, पाहणीच्याच आठवड्यात, सलग तीन दिवस पारा त्रेचाळीसवर. सुनेत्रा शिफ्टआधी पहाटे जाऊन मुळाशी पाणी घाली आणि वर गवताचा जाड थर पसरी. गार्डनमधली कोथिंबीर वाळली, काकडीचे वेल लोळले. ब्रायनचे टोमॅटो तर झाडावरच शिजले.

रविवारी ब्रायन हातात यादी घेऊन करपलेल्या वाफ्यांमधून आला, उतरल्या चेहऱ्याने. सुनेत्रा आईला घेऊन आधीच उभी होती. काय काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षरही लागलं नाही. चोवीसच्या चोवीस रोपं ताठ उभी होती, सतरा रोपांवर जांभळी फुलं होती, आणि साऱ्या गार्डनमधल्या मधमाश्या तिथेच जमल्या होत्या.

ब्रायनने वाकून एक फूल निरखलं. मग टोपी काढून म्हणाला, "वेल, आय वॉज राँग." यादीत तिच्या नावापुढे खूण केली आणि जरा ओशाळत विचारलं, "पुढच्या हिवाळ्यात आम्हा सगळ्यांना शिकवशील?"

"मी अर्धंच शिकवू शकते," सुनेत्रा म्हणाली. "उरलेलं हिला विचार."

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

"प्लॉट माझ्याकडेच राहिला म्हणतोय."

आईने डोळे पुसले. मग सगळ्यात मोठ्या फुलाकडे बोट करून, इथे चालतं की नाही कोण जाणे म्हणून हळूच विचारलं, "देवाला एक तोडू का गं?"

"तोड की," सुनेत्रा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "आपलीच जमीन आहे."