दोन राहुट्यांची एक मेख

बेंबळीच्या गौराबाईंना जागा कळते. गावात हे अगदी सहज बोललं जातं, अमक्याला नाडी कळते किंवा तमक्याला बैलाचे दात कळतात म्हणावं तसं. मांडव कुठं घालायचा, कडब्याची गंजी कुठं रचायची, बाळंतिणीची बाज कुठल्या भिंतीला लावायची, हे विचारायला लोक त्यांच्या किराणा दुकानात येतात आणि आल्यासारखी पावशेर साखर घेऊन जातात. पण हे सगळं वर्षभराचं किरकोळ काम. बाईंची खरी विद्या बाहेर निघते ती चैत्री पुनवेला. तेव्हा येरमाळ्याच्या येडेश्वरीची पालखी आमराईत उतरते, पाच दिवस तिथंच मुक्काम करते, आणि देवीच्या सोबतीला आलेली माणसं झाडांखाली राहुट्या ठोकून राहतात. काल जिथं नुसत्या खारी पळत होत्या, तिथं दोन दिवसांत एक अख्खं शहर उभं राहतं. त्या शहरात गौराबाईंचं घर पस्तीस वर्षांचं.

यंदा मात्र त्या घराचं काही खरं नव्हतं. दिवाळीनंतर गौराबाईंचा उजवा गुडघा सोलापूरला बदलून आणला होता. पुण्याला कंपनीत असलेला त्यांचा मुलगा अमरनाथ फोनवर म्हणाला होता, "आई, एवढ्या वर्षी जा. पण त्रास झाला तर हे शेवटचं." मग त्यानं आपल्या मामेभावाला, म्हणजे गौरीशंकरला, वेगळा फोन लावला. "तू सोबत राहा आणि मला खरं सांग. ती दुखलं तरी सांगणार नाही. तू म्हणशील ते धरून चालू."

गौरीशंकर धाराशिवला एका कॉलेजात संगणक शिकवतो. आत्यावर त्याचा जीव, आणि आत्याचा मुक्काम आता त्याच्या जिभेवर. म्हणून त्यानं तयारीत काही कमी ठेवलं नाही. उपग्रहाच्या नकाशावर आमराई मोठी करून करून बघितली आणि एक झकास जागा हेरली. ऑनलाइन एक राहुटी मागवली, इतकी हलकी की पिशवीत घालून भाजीला जाता यावं. तिच्यासोबत विणायच्या सुयांसारख्या बारा चकचकीत मेखा आल्या. सामान बांधताना त्याला जुन्या गाठोड्यात दीड हात लांबीची एक गंजकी लोखंडी कांब सापडली. पाच-सहा किलोचं धूड. त्यानं ती काढून दुकानातल्या तराजूमागं उभी केली आणि ओझं कमी झालं म्हणून स्वतःवरच खूश झाला.

सकाळी छोटा हत्ती टेम्पो आमराईत शिरला. मागं मोटारसायकलवर गौरीशंकर. त्यानं हेरलेली जागा नकाशात होती तशीच निघाली. गर्द सावली, हाकेवर नळ आणि चारी बाजूंनी मोकळी.

गौराबाई टेम्पोतून उतरल्यासुद्धा नाहीत. "शंकर, एवढी गार सावली, शेजारी नळ, आन जागा मोकळी. तुला काय संशय आला न्हाय?"

"लोक अजून आले नाहीत, आत्या."

"आल्ते की. बघून गेले. माती बघ कशी काळी पडलीय. दुपारपतुर नळाचं पाणी हितं येतंय. मग चिखल, मग रांग, मग भांडण. आन जी बाई पाण्याला येईल ती तुझ्या उशाला घागर टेकवणार."

मग त्या उतरल्या. चपला काढून गौरीशंकरच्या हातात दिल्या आणि काठी टेकत अनवाणी निघाल्या. गौरीशंकर मागून, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात फोनवरचा नकाशा घेऊन. थोड्या वेळानं त्यानं नकाशा खिशात घातला.

एका झुकलेल्या आंब्यापाशी वाळलेल्या शेणाचा पट्टा होता. बाई तिथं थांबल्या. "जनावरं दुपारची हितं बसत्यात. म्हंजी दुपारची सावली हितं. सकाळची सावली काय, बाभळबी देती." मग वर बघून वाळकी फांदी नाही ना ते पाहिलं. चिमूटभर माती घेऊन हवेत सोडली. माती पश्चिमेला गेली. "आपला धूर तिकडं जाणार. तिकडं कोण हाय?"

"रसाचं गुऱ्हाळ आहे."

"मग बरंय. दिवसभर त्येंचं घुंगरू आपण ऐकायचं, सांजचा धूर त्येनी घ्यायचा."

पुढं शेजार. मागच्या बाजूला एका राहुटीवर इवलीशी झबली वाळत होती. बाईंना ते पसंत पडलं. "तान्ह्या लेकराचं घर रात्री गाणी लावत न्हाय." समोरच्या राहुटीकडं बघून मात्र त्या म्हणाल्या, "हे जावई घेऊन आल्यात. तिथं पाच दिवस कढई उतरायची न्हाय."

"हे कशावरून?"

"चार माणसं उभी आन एकटाच खुर्चीत."

गौरीशंकरनं वळून बघितलं. खुर्चीतला तरुण अवघडून सरबत पीत होता आणि चौघं तो पेला रिकामा व्हायची वाट बघत उभे होते. गौरीशंकरला आपल्या उपग्रहाची दया आली. इतक्या उंचीवरून त्याला झाडं दिसली होती, जावई दिसला नव्हता.

"झालं," बाई म्हणाल्या. "आपली राहुटी हिकडं, जैनबबीची तिकडं. आन मधी मेख. काढ बघू ती गाठोड्यातली."

गौरीशंकरनं चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

जैनबबी म्हणजे तेरखेड्याची बांगडीवाली. यात्रेत ती बायकांना हिरव्या बांगड्या भरते आणि पाच दिवस गौराबाईंच्या शेजारी राहते. पस्तीस वर्षांपूर्वी दोघी पहिल्यांदा शेजारी उतरल्या तेव्हा ओळख नव्हती, म्हणून रीतीप्रमाणं मध्ये दहा हात जागा सोडली. त्या दहा हातांत रात्रीतून पिपाण्या विकणारा एक माणूस येऊन बसला. पाच दिवस तो पिपाण्या वाजवून बघत होता, चांगल्या कुठल्या ते कळावं म्हणून. पाचव्या दिवशी गौराबाईंचे यजमान ईरण्णा आणि जैनबबीचे मियाँ जैनोद्दीन यांनी विचार केला, की अंतर सोडलं तर त्यात कोण येईल ते आपल्या हातात नाही, त्यापेक्षा अंतरच नको. ईरण्णांच्या मोडक्या गाडीच्या आखाचा तुकडा घेतला, जैनोद्दीननं भट्टीवर त्याला टोक काढलं, आणि पुढच्या वर्षापासून दोन्ही राहुट्यांचे ताण, म्हणजे ओढून धरणारे दोर, त्या एका मेखेला बांधले. मध्ये मांजर जायला जागा नाही. मेख एक साल बेंबळीला राहायची, एक साल तेरखेड्याला. दोघं धनी गेले, मेख मात्र पाळीनं येत-जात राहिली. यंदा ती आणायची पाळी बेंबळीची होती.

हे सगळं गौरीशंकरला त्या वेळी, चपला हातात धरून, पहिल्यांदा कळलं.

"आत्या, ती गंजकी कांब… मी घरी ठेवली. तराजूमागं."

तो बोलणी खायच्या तयारीत उभा राहिला. बाई मात्र टेम्पोतून उतरवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. खुर्चीचे पाय मऊ मातीत चार बोटं रुतले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "नाहीतरी अमर म्हणतोयच, यंदाचं शेवटचं."

बोलणी परवडली असती. गौरीशंकरनं चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि मोटारसायकलला किक मारली.

बेंबळी गाठून परत यायला दुपार टळली. आमराईच्या बऱ्याच अलीकडं पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. तो मेख खांद्यावर टाकून चालू लागला. हवालदारानं हात आडवा केला.

"हे काय हत्यार?"

"राहुटीची मेख आहे."

"एवढी? काय हत्ती बांधायचाय?"

"आत्यानं मागितलीय."

हवालदारानं त्याच्या घामाकडं बघितलं आणि हात खाली घेतला. "जा मग. उशीर करू नका."

आमराईच्या तोंडाशी येऊन गौरीशंकर उभाच राहिला. सकाळी तो सोडून गेला तेव्हा तिथं झाडं होती आणि झाडांखाली थोड्या राहुट्या. आता झाडांचे नुसते शेंडे राहिले होते. खाली नजर जाईल तिथवर ताडपत्री, लुगडी, गोधड्या, युरियाच्या पोत्यांची शिवलेली छपरं. हजार चुलींचा धूर एकाच दिशेनं वाकला होता. कुणी आखणी केली नव्हती, नंबर टाकले नव्हते. आणि तरी पाण्याला जायला वाट होती, गुरांना बाजू होती, म्हाताऱ्यांना सावली होती, लेकरांना खेळायला मोकळं होतं. हे शहर हजारो गौराबाईंनी चिमूट चिमूट माती हवेत सोडून वसवलं होतं, आणि पाच दिवसांनी त्याचा एक दोरही इथं उरणार नव्हता. कॉलेजात दहा संगणक एकमेकांना जोडताना त्याचे तीन दिवस जात. खांद्यावरची कांब विसरून तो बघत राहिला.

फोनला रेंज नव्हती. झुकलेला आंबा कुठला ते कळेना. त्यानं वाकून चिमूटभर माती घेतली, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच सोडली. माती पश्चिमेला गेली. कान दिला तर पश्चिमेकडून गुऱ्हाळाचं घुंगरू ऐकू येत होतं. तो त्या अंगाला चालत सुटला, आणि घुंगराच्या अलीकडं त्याला भांडण ऐकू आलं.

"जैनबबी, तुझी गाठ म्हंजी काय बांगडी हाय व्हय? घट्ट वढ की."

"वढी तो तेराच तंबू इधर आयेंगा गौराबाई. फिर मेरे ऊपर सोयेंगी क्या तू?"

"आन त्या चुलीत काय ओलं सरपण घातलंस? डोळ्यात बघ माझ्या."

"पैंतीस साल से देखरी मैं. डोळा काय, गुडघा काय, सगळ्याला धुराचंच नाव."

गौरीशंकर गर्दीतून पुढं झाला आणि थबकला. दोन राहुट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मध्ये ना मेख ना खुंटी. दोघींनी आपापल्या राहुटीचे मधले ताण एकमेकांना गाठ मारून बांधले होते. ही राहुटी तिकडं ओढत होती, ती इकडं ओढत होती, आणि त्या ओढाताणीवर दोन्ही ताठ उभ्या होत्या. गाठीच्या बरोबर खाली गौराबाईंची खुर्ची, खुर्चीला टेकून खाली जैनबबी. समोर ट्रॉलीतून आलेला एक गडी ताडपत्री काखेत मारून उभा होता.

"मावशी, मधी हातभर जागा झाली असती," तो म्हणाला.

"हाय की जागा," जैनबबी म्हणाली. "गौराबाईच्या मांडीवर."

गडी हसला आणि दुसरीकडं गेला.

गौरीशंकरनं मेख खाली उतरवली. दोरांकडं बघत म्हणाला, "आत्या, हे तर मेखेशिवायच उभं आहे."

"उभं हाय, कारण आमी दोघी सकाळधरनं हितनं हललो न्हाय. च्याला सुदीक. आता ठोक."

जैनबबीचा मुलगा अक्रम घण घेऊन आला. रीत अशी, की पहिला घाव तेरखेड्याचा, दुसरा बेंबळीचा. अक्रमनं एक घातला. बाईंना वाकता येईना, म्हणून त्यांनी नुसता घणाच्या दांड्याला हात लावला आणि घाव गौरीशंकरनं घातला. त्याचा पहिला घाव हुकून मातीत गेला. दुसरा बसला. मेख आत उतरताना त्याला खाली काहीतरी घट्ट धरल्यासारखं जाणवलं. त्या बारा चकचकीत सुया पिशवीतच राहिल्या. पुढं फरहानानं, म्हणजे अक्रमच्या बायकोनं, त्यातल्या दोन वांगी भाजायला नेल्या.

पाच दिवस गेले. बाईंचा गुडघा रोज संध्याकाळी दुखला. जैनबबी रोज तेल चोळायची आणि रोज म्हणायची, की सोलापूरच्या डॉक्टरनं लोखंड हलकं घातलंय, मेखेचं घालायला पाहिजे होतं. बाई रोज तिला चुलीवरून बोलायच्या आणि भाकरी खाऊन झाली की तोंडावर पदर घेऊन अशा झोपायच्या, की मागचं तान्हं लेकरू रडलं तरी त्यांना कळायचं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी पालखी गडावरच्या देवळाकडं निघाली आणि शहर मोडायला लागलं. अक्रमनं मेख हलवून हलवून उपटली, माती पुसली आणि बांगड्यांच्या खोक्यांखाली आपल्या टेम्पोत ठेवली. आता एक साल ती तेरखेड्याला. गौराबाई गाठोडं बांधण्यात फार गुंतल्यासारखं करत होत्या. जैनबबीनं त्यांच्या हातात दोन बांगड्या जादा भरल्या आणि टेम्पोत चढली. भांडण नव्हतं, म्हणून गौरीशंकरला ते बघवेना.

रस्त्यावर आल्यावर रेंज आली आणि पाठोपाठ अमरनाथचा फोन.

"खरं सांग. गुडघा दुखला?"

गौरीशंकरनं टेम्पोत बसलेल्या आत्याकडं बघितलं. त्या झाडांकडं बघत होत्या. "दुखला," तो म्हणाला. "रोज दुखला."

"मग ठरलं तर."

"अमर, मेख जैनबबीकडं गेली."

 लहानपणी अमरनाथ राहुटीच्या कडेला झोपायचा, त्या मेखेला पाय लावून. ती गार असते म्हणून.

"आता सालभर ठेवायची पाळी त्यांची का?" त्यानं विचारलं.

"त्यांची. पुढच्या वर्षी त्या घेऊन येणार. आणून तरी काय करणार, दुसऱ्या बाजूला आत्याची राहुटी नसली तर?"

अमरनाथ मग म्हणाला, "आई बसत कशावर होती?"

"प्लास्टिकच्या खुर्चीवर. पाय रुततात तिचे मातीत."

"बाज न्यायची की रे," अमरनाथ म्हणाला. "पुढच्या वर्षी बाज घेऊन जा. मीच आणतो टेम्पो."

गौरीशंकरनं फोन खिशात ठेवला आणि आत्याला बाजेचं सांगितलं. बाईंनी थोडा विचार केला.

"बाज लांब हुईल," त्या म्हणाल्या. "पाय जैनबबीच्या राहुटीत जातील." आणि डोक्यावरचा पदर नीट करून बेंबळीपर्यंत एकट्याच हसत बसल्या.