उंदीरखाऊ आणि माकडखाऊ

योबे सोको लुआन्श्याला आला तेव्हा तिथे गाव नव्हतंच. जंगल होतं, चार तंबू होते आणि तांब्याच्या खाणीचं एकच तोंड. पूर्वेकडच्या न्गोनी मुलखातून तो सव्वीस दिवस चालत आला होता. दोन वर्षांत परततो असं आईला सांगून निघाला आणि तीस वर्षं इथेच मुरला. लग्न राहूनच गेलं. बरोबर आलेल्या चौघांपैकी दोघे खाणीत दगावले, दोघे घरी परतले.

त्याची विचारपूस करणारा एकच माणूस उरला, बेम्बा जमातीचा कापेम्ब्वा. विचारपूस कसली, शिवीच. बेम्बा आणि न्गोनी आजोबांच्या काळात एकमेकांचे गळे कापायचे. त्याचं उट्टं आता एकमेकांच्या खाण्यावरून थट्टा करून काढायचं, राग मानायचा नाही, अशी रीत पडली होती. आणि एक मेला की दुसऱ्याने त्याच्या मातीला जाऊन टवाळी करायची, त्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही.

"काय रे उंदीरखाऊ, आहेस का अजून?" कापेम्ब्वा रोज दारातून विचारायचा.

"तुला पुरल्याशिवाय कसा जाईन, माकडखाऊ?"

"हट्! तुला मागेपुढे कोण आहे? मीच पुरणार तुला, आणि पोटभर हसणार."

योबेला या बोलण्याचा केवढा आधार होता, ते त्याने कधी कबूल केलं नाही.

पण आधी गेला कापेम्ब्वाच, तीन दिवसांच्या तापाने.

खड्ड्यापाशी सगळे योबेकडे बघत राहिले. तो काठीवर रेलून खड्ड्यात बघत होता. कापेम्ब्वाची बायको मुसोंडा जवळ येऊन म्हणाली, "भावजी, बोला काहीतरी. त्यांना असं मुक्यानं नका पाठवू."

योबे काठी टाकून खड्ड्यात उतरला आणि सरळ आडवा झाला.

"ही जागा माझी आहे," तो ओरडला. "वयाने मी मोठा, नंबर माझा. हा माकडखाऊ मध्येच घुसलाय. न्या त्याला घरी."

लोक खो खो हसले. न्गोनी असावा तर असा, म्हणाले. रीतीप्रमाणे कुणीतरी बिअरचं मडकं दाखवून त्याला वर बोलावलं. योबे उठला नाही. त्याने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी हळू आवाजात. लोक आणखीच हसले.

मुसोंडा तेवढी हसायची थांबली. काठावर बसून तिने हात खाली केला.

"वर या, उंदीरखाऊ," ती म्हणाली. "तुमच्या मातीला मी येईन हसायला."

हे म्हणताना तिला हसू काही आलं नाही.