अल्बममधली माझी हाळी

"आजोबा, तुम्ही खाली बसा. खुर्च्या पाहुण्यांना लागतील."

रानमालकाचा पोरगा असं म्हणाला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सांगलीतली खोली. भिंतींना गादीसारखं काहीबाही चिकटवलेलं, आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी खाली बसलो नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो.

पोरगा दोस्तांबरोबर गाणी करतो. स्क्रीमो म्हणतात त्याला. आधी गोड चाल, मग घसा फाटेस्तोवर किंचाळायचं. त्यांचा अल्बम तयार झाला होता आणि त्यात माझा आवाज होता, म्हणून मला गाडी पाठवून आणलेलं. आमच्यासारख्याला कुणी गाडी पाठवली की मी आधी हिशेब मांडतो. फुकट कोण पाठवतं?

आम्ही पूर्वेच्या दुष्काळी मुलखातले धनगर. दिवाळी झाली की आष्ट्याकडं उतरतो. मालकाच्या तुटलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवतो. त्याला खत, आम्हाला चारापाणी. औंदा हा पोरगा आवाज टिपायचं यंत्र घेऊन सारखा येऊन बसायचा.

"आजोबा, जनावर पडल्यावर ओरडता तसं ओरडून दाखवा ना."

"तसं ओरडत न्हाईत."

लांडगा, बिबट्या असलं जनावर कळपावर पडलं की आमच्यात एक हाळी देतात. ज्याच्या कानावर पडेल त्यानं काठी घेऊन पळत यायचं. भांडण असो, अबोला असो. तिची चेष्टा आमची पोरंटोरंसुद्धा करत नाहीत.

मग एकदा दिवेलागणीला बांधावरनं काळं, दांडगं काहीतरी थेट कळपात घुसलं. मला बिबट्याच वाटला. मी हाळी दिली. पलीकडच्या रानातनं माझा चुलतभाऊ बिरा अनवाणीच पळत आला. कैक सालं आमची बोलचाल नव्हती, तरी आला. उसाचं बुडखं त्याच्या तळपायात घुसलं. अजून पाय टेकवत नाही. गाभण मेंढी पळापळीत तुडवली जाऊन मेली. बिबट्या नव्हताच, ते कुत्रं होतं. कुणाचं, ते कळायच्या आत पसार झालं. संशय होता मला. पण मालकाच्या रानात बसून मालकावर संशय कसा बोलायचा?

सांगलीच्या खोलीत गाणं सुरू झालं. आधी मेंढरांचं बें-बें, वारा. मग पोराचाच हळू आवाज, "सोड, सोड त्याला." भुंकणं. मग माझी हाळी. तिच्यावर पोराची किंचाळी, आणि गिटारी सुटल्या. पाहुणे हसले, टाळ्या पिटल्या. एकजण म्हणाला, "काय घाबरलाय म्हातारा! एकदम ओरिजिनल!"

"यंत्र थांबव," मी म्हणालो. "कुत्रं तू सोडलंस."

तो लाजलासुद्धा नाही. "त्याशिवाय तुम्ही खरं ओरडला नसता. आता तुमचा आवाज जगभर ऐकतील, आजोबा."

"जगभरातनं पळत कोण येणार हाय रं? बिरा आला. त्याचा पाय बघ जा."

त्यानं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. "एवढंच म्हणा, आवाज माझ्या खुशीनं दिला."

जन्मभर मालकांना व्हय म्हणत आलो. रान त्यांचं, विहीर त्यांची. बांधावरनं हाकललं तरी व्हय. त्या दिवशी तोंडातनं तो शब्द निघेना. उद्या ही हाळी ज्याच्या त्याच्या मोबाईलात वाजायला लागली, तर खरं जनावर पडल्यावर कोण उठेल?

"न्हाई म्हणत. काढ ती त्यातनं."

घरी पोचायच्या आधी मालकाचा फोन. "म्हातारबा, पोराची हौस हाय. फुडल्या साली रानात बसायचं हाय का न्हाई?"

"न्हाई बसायचं."

बायको म्हणाली, "आवं, खुळं झालाय का? मेंढरं काय तुमच्या डोक्यावर बसवू?"

"बसीव," म्हटलं.

ते हाळी काढतील असं मला वाटत नाही. ही माणसं आमचं 'न्हाई' मानत नाहीत. पण ती गाणी गायला ते जिथं उभे राहतील तिथं मी जाणार. बिराला पाठुंगळी मारून न्यावं लागलं तरी नेणार. कुत्रं कुणी सोडलं, मेंढी कशी मेली, ते जमलेल्या माणसांना सांगणार. ओरडून नाही. साध्या आवाजात. आणि पुरतं सांगून होईस्तोवर तिथनं हलणार नाही.