टोकन आल्याशिवाय पोहे नाहीत

त्या सकाळी आमच्या हॉटेलात कोणाचंही काही चुकलं नाही, म्हणूनच बराच वेळ कोणालाही पोहे मिळाले नाहीत.

यशवंतपूर बाजाराजवळ आमचं नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे. गल्ल्यावरून अण्णा ओरडतात, आत आई ऐकते (म्हणजे उप्पिट सांगितलं की शिरा येतो). घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, तेव्हा उपाय काढणं भागच होतं. अण्णांनी बिलाच्या कॉम्प्युटरवर टोकन काढायचं, ते आईसमोरच्या लॅपटॉपवर दिसायचं. लॅपटॉपसाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली. तिनं बिलाच्या कॉम्प्युटरला विचारायचं, "सुरू झालास का?" उत्तर आलं की टोकनांचा पडदा उघडायचा, नाही आलं तर जरा थांबून पुन्हा विचारायचं.

अण्णांनी एकच सकाळ दिली. "जमलं तर ठेवू. नाहीतर माझा गळा बरा."

"जमणारच. फक्त आई, टोकन दिसल्याशिवाय प्लेट द्यायची नाही हं."

"सरी, तसंच करीन," आई म्हणाली.

पहिले आले भीमण्णा, बाजारातले हमाल. आई कढईजवळ हात बांधून उभी. लॅपटॉपवर 'वाट पाहत आहे'च्या ओळींवर ओळी.

"अक्का, स्वल्प लवकर. लॉरी उभी आहे."

"टोकन नाही आलं, भीमण्णा."

मी वायरी हलवल्या, राउटर बंद करून चालू केला, स्क्रिप्ट पुन्हा वाचली (निर्दोष होती, आजही आहे). टेबलं भरली. दोघं उठून समोरच्या इडलीवाल्याकडे गेले! तेव्हा कुठे मला सुचलं.

"अण्णा, कॉम्प्युटर लावलाय ना?"

"नाही."

"का?"

"भवानी कुठं झालीय अजून? पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे देवापुढं ठेवल्याशिवाय मी मशीनला हात लावतो का कधी?"

खरंच, कधीच लावत नाहीत. लहानपणापासून रोज बघत आले होते. म्हणजे पोहे टोकनासाठी थांबले होते, टोकन कॉम्प्युटरसाठी, कॉम्प्युटर भवानीसाठी आणि भवानी पोह्यांसाठी!

आईनं ऐकलं आणि भीमण्णांपुढं प्लेट ठेवली. त्यांनी भराभर खाऊन पैसे दिले. अण्णांनी नोट डोळ्यांना लावली, देवापुढं ठेवली, बटण दाबलं. पडदा उघडला.

"बघा, चालतंय," मी म्हणाले.

"चालतंय की. आईनं ढकलल्यावर."

लॅपटॉप मात्र राहिला. स्क्रिप्टनं जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं, तेवढं मी तिच्यात घातलं. तोवर उत्तर आलं नाही, तर आता पडद्यावर लिहून येतं, 'आईला विचारा.' हे आमच्या घरात कॉलेजात न जाताही सगळ्यांना माहीत होतं.