ढ आणि एकोणिसाचा पाढा

करमाडच्या लग्नात गुरुजींनी ‘ढ’चा इतिहास सांगितला आणि माझ्या ताटातली जिलबी कडू झाली.

आमचे शाळेतले गुरुजी निवृत्त होऊन जमाना झाला, पण चार माणसं दिसली की शिकवायची खाज काही जात नाही. ‘लेण्यांतले जुने लेख बघा,’ ते म्हणाले, ‘ब्राह्मीतली बाकी अक्षरं पार बदलली. ढ तेवढा दोन हजार वर्षं जसाच्या तसा. म्हणून जे पोरगं काही केल्या सुधरत नाय, ते ढ!’ मग माझ्याशेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडं, ताईकडं बोट: ‘ही आमची ढ. लई डोकं खाल्लं हिनं.’

पंगत हसली. ताईनं पर्स पोटाशी ओढली. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला होता, कालच काढून आणलेला. शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगचं काम करता करता तिनं यंदा बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं होतं.

‘राहू दे रे तो फॉर्म,’ ती पुटपुटली. ‘ढ ती ढच.’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती पाचवीत होती, मी तिसरीत. फळ्यापुढं तिला एकोणिसाचा पाढा आठवेना, तेव्हा याच गुरुजींनी मला बोलावून घेतलं. धाकट्यानं उत्तर द्यायचं आणि थोरल्याचं नाक धरून थोबाडीत मारायची, ही त्यांची रीत. मी घडाघडा म्हटला. नाक धरलं. हळू मारली म्हणून त्यांनी परत मारायला लावली. सातवी झाली नि ताईनं दप्तर माळ्यावर टाकलं.

मी ताट सारून उभा राहिलो. ‘गुरुजी, तो पाढा मला हिनंच शिकवला होता, भाकरी थापता थापता. घरी तिला तिसापर्यंत सगळे यायचे. तुमच्यापुढं दातखीळ बसायची तिची!’

गुरुजींनी घोटभर पाणी घेतलं. ‘मंग तवाच का नाय बोललास?’

प्रश्न बरोबर होता, म्हणून तर जास्त चीड आली. त्या दिवशी वर्गानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या आणि मला त्या आवडल्या होत्या.

ताईनं पर्स उघडून दाखला नीट आहे का पाहिला.

‘फॉर्म माझा मी भरते,’ ती मला म्हणाली. ‘तू फकस्त परत गप बसू नको.’